आबांची अकरावी मडम

बहात्तरच्या दुष्काळात नगर जिल्ह्यात पाण्यावाचून किती झाडं गेली याची गणती नाही. पाणी जास्त होऊन मेलेलं झाड मात्र बहुधा एकच होतं, आणि ते मी मारलं. स्वतःच्या वाटणीचं आंघोळीचं पाणी घालून मारलं आणि मारताना स्वतःला फार थोर समजत होते. अंगाला नुसता ओला पंचा फिरवायचा आणि वाचलेला तांब्याभर त्याग झाडाच्या बुडाशी ओतायचा, असं मी आठवडाभर केलं. झाड लव्हेंडरचं होतं आणि ते आमच्या घरमालकांचं होतं.

परवा नातीने मोबाईलवर तीन फोटो दाखवले. "आजी, बाल्कनीत लावायला यातलं कुठलं लव्हेंडर घेऊ?" मी चष्मा लावून पाहिलं आणि चटकन म्हणाले, "ही मडम, ही करवत आणि ही सशाची." पोरगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू आजीच्या गोळ्या बदलायला हव्यात. म्हणून म्हटलं, एकदा आबांबद्दल लिहूनच टाकावं.

आबा म्हणजे आमचे भिंगारचे घरमालक. लष्कराच्या बागांवर हेड माळी होते, तिथूनच निवृत्त झालेले. अंगात खाकी अर्धी चड्डी, तिच्यावरून गुंडाळलेलं धोतर, आणि डोक्याच्या मुंडाशावर कुण्या गोऱ्या साहेबाने जाताना दिलेली सोला हॅट. उन्हाळ्यात ते वाड्याच्या फाटकात उभे राहिले की खालून शेतकरी आणि वरून कलेक्टर दिसायचे. वाडा कसला, चार खोल्यांची एक रांग, पुढे एक नळ आणि मागे त्यांची बाग. गळ्यात शिट्टी असायची. नळाला पाणी आलं की ते शिट्टी फुंकायचे आणि आम्ही तिन्ही बिऱ्हाडकरणी बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहायचो. बादली डाव्या हातात. उजव्या हातात दिसली की "जैसे थे!"

खोली बघायला गेलो तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. आमचे हे लष्करी भांडारात कारकून. आबांनी ह्यांना काही विचारलं नाही. पगार नाही, जात नाही, गाव नाही. माझ्याकडे वळले.

"माहेर कुठलं, पोरी?"

"कोल्हार."

"परवराकाठचं?"

"हो ना! आमच्या तर दारापुढूनच पाट जातो." मी मान ताठ करून सांगितलं. तेव्हा माझी मान वाटेल त्या गोष्टीवरून ताठ व्हायची.

आबांनी खाली बघून एक दीर्घ श्वास सोडला. मग ह्यांना म्हणाले, "खोली देतो. पर एक अट हाय. बाईंनी बागंत तांब्या घेऊन पाय ठेवायचा न्हाई."

कुणाकडे अंड्याला बंदी असते, कुणाकडे रेडिओला. आमच्याकडे तांब्याबंदी होती.

आबा स्वतः पारनेरकडचे. मुरमाड जमीन, आभाळावर भरवसा. "आमच्याकडं पाऊसबी पाव्हन्यावानी येतो. च्या न घेताच जातो," असं ते सांगायचे. बागाईतातली माणसं ही त्यांच्या लेखी लाडावलेली जमात होती. माझा भात मऊ झाला तरी ते म्हणायचे, "पाटाची लेक हाय. पानी जास्तच पडायचं." मला सर्दी झाली तरी कारण तेच.

त्यांच्या बागेत मोगरा नव्हता. भिंगारमध्ये दारी मोगरा नसलेला तो एकच माळी असेल. मी एकदा रोप लावू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "मोगरा म्हंजी गनपतीतला लाउडस्पीकर. आख्ख्या गल्लीला सांगत सुटतो. लव्हंडर कसं, कानात सांगतं."

या लव्हेंडरचं वेड त्यांना तरुणपणी लागलेलं. ज्या साहेबाची ती हॅट, त्याच्या मडमेने एक कुंडी ठेवली होती. ती फुलं वाळवून चादरींच्या घड्यांत घालायची. साहेब गेला, मडम गेली, कुंडी वाळली, आणि हा वास आपल्या अंगणात पाहिजे एवढं एकच खूळ मागे उरलं. पारनेरला गावी त्यांचे थोरले भाऊ होते. "तुझ्या मुरमात कुसळाशिवाय काय येतंय?" असं ते आबांना कधीकाळी म्हणाले होते. चाळीस वर्षं आबा त्याचं उत्तर कुंडीत लावत होते.

मलाही लव्हेंडर हवं होतं. माझं त्याबद्दलचं ज्ञान लग्नात आलेल्या पावडरच्या डब्याएवढं होतं. डब्यावर जांभळ्या फुलांचं चित्र, खाली इंग्रजी अक्षरं, उघडला की गोडमिट्ट वास. मी मासिकं वाचायचे, कपाळावर बट सोडायचे आणि स्वतःला फार रसिक समजायचे. दोन शालू होते, त्यांच्या घड्यांत लव्हेंडर घालायचं, आणि ह्यांच्या साहेबाची बायको चहाला आली की सहज म्हणून पेटी उघडायची, असा माझा बेत होता. साहेबाची बायको चहाला कधीच आली नाही, ते सोडा.

"आबा, मला एक फांदी द्या ना लावायला."

"कंची?"

"लव्हेंडरची."

"लव्हंडर म्हंजी काय एक बाई हाय व्हय? खानदान हाय आख्खं."

मग त्यांनी हौदाच्या कठड्यावर तीन कुंड्या मांडल्या आणि मला हुकूम केला, एक महिना नुसतं बघायचं. हात लावायचा तो पानाला, आणि वास घ्यायचा तोही नाक खुपसून नाही. पान दोन बोटांत चोळायचं, घरात यायचं, भाकरी थापायला बसायच्या आधी बोटं नाकाशी न्यायची. "झाडाजवळ समदीच गोड बोलत्यात. घरी आल्यावर काय ऱ्हातं ते बघ."

पहिलीच्या पानांना करवतीसारखे दाते होते, म्हणून ती करवत. वासाला जरा कापराकडे झुकणारी, पण नगरचं ऊन खाऊन वर्षभर तुरे काढणारी. दुसरी सशाची, कारण तिच्या तुऱ्याच्या डोक्यावर सशाच्या कानांसारख्या दोन जांभळ्या पाकळ्या उभ्या राहायच्या. दिसायला देखणी, पण आपलं चुनखडीचं पाणी तिला सोसायचं नाही. ती दर महिन्याला रुसायची. आणि तिसरी मडम. अस्सल विलायती, बारीक राखाडी पानांची. वास तिचा खरा. पण तिला थंडी लागते, आणि भिंगारात थंडी म्हणजे दोन महिने कानटोपी. आबांचा एक जुना जोडीदार उटीकडे माळी होता. तो दर हिवाळ्याला कुणा रजेवरून परतणाऱ्या जवानाबरोबर डब्यातून एक रोप पाठवायचा, आणि ते दरवर्षी मरायचं.

कोपऱ्यात बूड गेलेल्या पत्र्याच्या डब्यात चौथंही काही होतं. शेपूच्या भाजीसारखी चिरलेली पानं, फिकट निळसर फुलं. "आबा, हे तण का ठेवलंय?" मी विचारलं.

"ती घोडेघुई. माळावर उगवती. ह्यांचीच चुलत बहीन हाय, एका साहेबानं पुस्तकात दावली मला."

मला हसू फुटलं. लव्हेंडरच्या खानदानात घोडेघुई! पावडरच्या डब्यावर हे नाव कसं दिसेल, या विचाराने मी घरी येऊनही हसत होते.

महिना झाला. मी करवत नाही, मडम नाही, सशाची निवडली.

"का म्हनं?"

"माझ्या नव्या पातळाशी रंग जुळतो."

आबांनी हॅट काढली, मुंडासं सारखं केलं, हॅट परत घातली. "झाड निवडतीस का चोळीचा खण?" मग तिन्ही कुंड्या उचलून नेल्या. "पुढल्या साली. आजून नाक उघडलं न्हाई तुझं."

मला इतका राग आला की दोन दिवस मी बादली उजव्या हातात धरली.

बागेच्या मागच्या भिंतीला लागून दहा कुंड्या पालथ्या घातलेल्या होत्या. सगळ्या एका ओळीत, बुडाला चुन्याचा एकेक पट्टा. कवायतीला उभ्या केल्यासारख्या. त्यांना कुणी हात लावायचा नाही. मी विचारलं तर आबा म्हणाले, आत कोंबड्या खुडूक बसवल्यात. ह्यांनी विचारलं तर म्हणाले, आत विंचू हायेत. शेजारच्या काकूंना सांगितलं होतं की आत सरकारी दारूगोळा आहे, भांडारातल्या माणसाला बोलू नका. आम्ही तिघं एकदा बसून ताळा घेत होतो तेव्हा ही तीन उत्तरं बाहेर आली. मी त्या ओळीला कब्रस्तान म्हणायचे. गंमत म्हणून.

त्या सालची मडम मात्र मेली नाही. आबांनी पारनेरहून पोतंभर मुरूम आणला होता, त्यात विटांचा चुरा आणि जुन्या भिंतीचा चुना कालवला होता. माती म्हणावी असं त्या कुंडीत जवळजवळ काही नव्हतंच. मडम त्या दगडधोंड्यांत उन्हाळाभर जगली. पाऊस आलाच नाही, तरी ती जगली. दिवाळीच्या सुमाराला तिच्या शेंड्याला गव्हाच्या ओंबीएवढी एक कळी आली. आबा रोज सकाळी हॅट काढून तिच्याकडे बघायचे. एकदा मला बोलावून म्हणाले, "हिला पारनेरचा मुरूम मानवला बघ. फुलली की कुंडी डोक्यावर घेऊन गावाला जानार. भावाच्या म्होरं ठेवनार. बोलनार काय न्हाई. नुसती ठेवनार."

आणि नेमका तेव्हाच गावाहून निरोप आला. विहीर आटली, बैलांना चारा नाही, भाऊ अंथरुणाला लागलाय, बैल चाऱ्याच्या छावणीला न्यायला माणूस पाहिजे. जायला हवंच होतं. आबांनी शिट्टी ह्यांच्या गळ्यात घातली. तोवर नळ बंद पडला होता, टँकर एक दिवसाआड नाक्यावर यायचा. आणि मडमेची कुंडी त्यांनी माझ्या दारात आणून ठेवली.

"तुझ्यावर भरवसा न्हाई," ते म्हणाले, "पर दिसभर घरात तूच असतीस. ऐक. माती कोरडी दिसली तरी पानी न्हाई. पान मलूल झालं तरी न्हाई. मी मेलो असा सांगावा आला तरी न्हाई. अमुशाला एक वाटी, आन अमुशेच्या आत मी येतो. कळलं?"

"कळलं."

"पाटाची लेक हाईस म्हनून दोनदा सांगतो. न्हाई."

पहिले पाच दिवस मी शब्द पाळला. ह्यांची शिट्टी ऐकून माणसं यायची नाहीत, गल्लीतली कुत्री यायची. मग मीच ओरडून सगळ्यांना गोळा करायचे. सहाव्या दिवशी मी कुंडीत बोट घातलं. मुरूम कडकडीत कोरडा. आता कोल्हारच्या मुलीला कोरडी माती दिसली की काय होतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही. आमच्याकडे आजारी माणसाला आधी पेज देतात आणि आजारी झाडाला आधी पाणी. मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे, पारनेरच्या माणसाला पाण्याचं काय कळणार! तो येईपर्यंत हे झाड तहानेने मरेल आणि कळी जळून जाईल. मी वाचवणार. तो येईल, टपोरं फूल बघेल आणि म्हणेल, पोरी, मी चुकलो. हे वाक्य मी त्याच्या आवाजात म्हणूनसुद्धा पाहिलं.

रोज एक तांब्या. चौथ्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं, तहान अजून भागली नाही. दोन तांबे. मग ती मान टाकायला लागली. मी घाबरून तीन तांबे केले. गल्लीत हंड्यांवरून बायकांच्या झिंज्या निघत होत्या आणि मी सगळ्यांची नजर चुकवून एका विलायती बाईला बुडवत होते. आठवड्याभरात तिचं खोड मुळापाशी काळं आणि मऊ पडलं. धरून बघायला गेले तर हातातच आली. कळीसकट.

मी तिला परत खोचली. बाजूने खडे लावून उभी केली. ह्यांना दाखवलं.

हे म्हणाले, "मेली आहे ही."

"झोपली असेल."

"अगं, काळी पडलीय. आबा खोली रिकामी करायला सांगतील." आणि शिट्टी काढून त्यांनी खुंटीला अडकवली, जणू नोकरीच गेली.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच. दुष्काळाच्या दिवसांत दुसरी खोली कुठे शोधायची? आणि खोलीपेक्षा वाईट म्हणजे तो म्हातारा डोक्यावर कुंडी घेऊन गावाला जाणार होता. आणि मग, वाचकहो, मला ती युक्ती सुचली. आजही आठवलं की पदराने तोंड झाकावंसं वाटतं. झाड दिसायला राखाडीच होतं, वाळल्यावर अजून राखाडी झालं. म्हणजे दिसण्यात फार फरक नाही. फरक वासाचा. मी पेटीतून तो लग्नातला पावडरचा डबा काढला आणि मडमेवर वरपासून खालपर्यंत शिंपडला. लव्हेंडरच्या झाडाला लव्हेंडरचाच वास! यात लबाडी ती काय, असंही मी स्वतःला विचारलं.

अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी आबा आले. भाऊ बरा होता, बैल छावणीत पोचले होते. फाटकातच थांबले. कुंडी माझ्या दारात, तिथून वीस पावलांवर. त्यांनी हॅट काढली नाही. नाक वर केलं.

"मडमेनं पावडर लावली व्हय?"

मी म्हणाले, "या ना आबा, चहा टाकते."

ते सावकाश चालत आले, खाली बसले. झाड दोन बोटांनी उचललं, ते आपसूक वर आलं. काळ्या बुडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. मी ओरडा खायच्या तयारीनेच उभी होते, डोळ्यात पाणी काढून ठेवलं होतं. त्यांनी ती सुकलेली कळी खुडली, पावडर फुंकून उडवली, तळहातावर चुरडली आणि तळहात माझ्या नाकाशी धरला.

"घे. वास घे."

मी घेतला. पावडरच्या डब्याशी त्याचं काही नातं नव्हतं. कुणीतरी लांबच्या खोलीत स्वच्छ धुतलेलं कापड झटकावं, असं काहीतरी होतं. आणि लगेच गेलंही.

"ह्यासाठी हुतं," ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

मग माझं साठवलेलं रडू खरंच आलं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि शिट्टी वाजली नाही. ह्यांनी ती सकाळीच नेऊन दिली होती. आबा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. तिन्ही बिऱ्हाडांचं पाणी चुकलं. पुढच्या खेपेलाही तेच. शेजारच्या काकू मोकळा हंडा घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोल्हारकरणी, काय केलंस गं तू?" एरवी मी ओरडून सगळ्यांना गोळा करायचे, पण त्या आठवड्यात मी दाराबाहेर पडलेच नाही. आमची भांडी कोरडी, आणि मी ज्या कुंडीत तीन तांबे ओतले होते तिच्यातला मुरूम मात्र अजून ओला.

मी शेवटी त्यांच्या दारात गेले. "आबा, मी पाणी घातलं. रोज. आधी एक तांब्या, मग दोन, मग तीन. तुम्ही सांगितलं होतं तरी घातलं. खोली सोडायची तर सोडतो आम्ही."

ते बाजेवर उठून बसले. पायात वहाणा सरकवल्या. मग म्हणाले, "चल. निवड."

"काय?"

"तुझं साल भरलं. निवड आता."

हौदाच्या कठड्यावर करवत होती, सशाची होती. सशाची कान पाडून बसली होती. मी करवतीपाशी थांबले, तिचं पान चोळलं आणि पुढे गेले. माझी झाड सांभाळायची लायकी नाही, एवढं कळलं होतं. कोपऱ्यात तो बुडाचा पत्रा गेलेला डबा होता. घोडेघुई वाळून काडी झाली होती. तरी मी तिचं एक तुसाचं बोंड बोटांत चुरडलं, दहा पावलं चालून आले आणि मग बोटं नाकाशी नेली. अगदी थोडं, मातीत मिसळलेलं, पण त्या दिवशीचं ते लांबच्या खोलीतलं कापड होतं.

"ही," मी म्हणाले.

"म्याचिंग हाय का पातळाला?"

"नाही."

आबांनी हॅटमध्ये ती सगळी काडी झटकली. मोहरीहून बारीक काळं बी पडलं. माझ्या पदराच्या टोकाला त्याची गाठ बांधली आणि म्हणाले, "माळावर फेक आन इसर. तुला जमंल तेवढंच सांगतोय."

मग त्यांनी मडमेची कुंडी उचलली. मुरूम बाहेर ओतला, बुडाला चुन्याचं बोट ओढलं, आणि मागच्या भिंतीशी जाऊन ती त्या ओळीत, दहाव्या कुंडीशेजारी पालथी घातली. खांदे जुळले की नाही हे वाकून पाहिलं. गळ्यात शिट्टी परत आली होती, ते मला तेव्हा दिसलं.

मी त्या ओळीकडे बघत राहिले. कोंबड्या नव्हत्या, विंचू नव्हते, दारूगोळा तर नव्हताच. उटीहून दरवर्षी एक रोप यायचं हे मला ठाऊक होतं, आणि मला बेरीज येत होती.

"आबा," मी हळूच विचारलं, "पण ती कशाने गेली हे तुम्ही विचारलंच नाहीत. पाण्याने गेली हे नुसतं बूड बघून कसं कळलं?"

त्यांनी धोतराला हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "न कळायला काय झालं? ह्या धाच्या धा मडमा म्याच बुडिवल्यात, पोरी. पावडर मातूर मला कंदी सुचली न्हाई."